कासरा कधी सोडायचा हे कळलेला माणूस

अमेरिकेत कटिंग हा घोडेस्वारीचा खेळ गाजवणारे बस्टर वेल्च, हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसेल. टेक्ससात येऊन सहा वर्षं होईपर्यंत मीही ऐकलं नव्हतं. २०२२ च्या जूनमध्ये ९४ व्या वर्षी ते गेले. मी जिथे घोडेस्वारी शिकते तिथल्या मास्तरांनी त्या दिवशी खोगीर चढवूच दिलं नाही. आम्हा सगळ्यांना कुंपणाशी बसवलं आणि दोन तास ते फक्त बस्टरबद्दल बोलत राहिले. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

आधी कटिंग म्हणजे काय ते सांगते, कारण त्याशिवाय हा माणूस कळणार नाही. रिंगणाच्या एका टोकाला गुरांचा कळप उभा असतो. स्वार घोड्यावरून संथपणे कळपात शिरतो आणि एक जनावर निवडून बाहेर काढतो. जनावराची सगळी धडपड परत कळपात घुसायची. इथपर्यंत लगाम स्वाराच्या हातात असतो. जनावर वेगळं झालं की तो हात घोड्याच्या मानेवर टेकवायचा आणि लगाम ढिला सोडायचा. पुढे सगळं घोड्याने करायचं. वासरू डावीकडे वळलं की घोडा डावीकडे, ते थबकलं की हा पुढचे पाय पसरून जमिनीलगत बसल्यासारखा थबकतो, नजर वासरावर. स्वाराने लगाम ओढून दिशा दाखवली तर गुण कापतात. वेळ अडीच मिनिटं, आणि प्रत्येक पंच ६० ते ८० यांच्या मधे गुण देतो.

हा खेळ कुणी बसून शोधलेला नाही. कुंपणं नव्हती तेव्हा मोकळ्या माळावर हजारो गुरांतून आजारी गाय किंवा डाग द्यायचं वासरू वेगळं काढावं लागे. त्यासाठी रँचवरचा सगळ्यात शहाणा घोडा राखून ठेवत. तेच काम पुढे स्पर्धेत आलं, आणि १९४६ मध्ये नॅशनल कटिंग हॉर्स असोसिएशन उभी राहिली.

बस्टर १९२८ चे, पश्चिम टेक्ससातल्या स्टर्लिंग सिटीच्या बाजूचे. आजी-आजोबांनी वाढवलेला हा मुलगा शाळकरी वयातच घर सोडून मिडलंडकडच्या रँचवर गुरांमागे राबायला गेला. पुढचं सगळं त्या वर्षांतून आलं असं माझं ठाम मत आहे. त्यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक लोक बक्षिसांची यादी देतात. यादी मोठी आहेच. मॅरियन्स गर्ल या घोडीवर १९५४ आणि १९५६ ची जागतिक अजिंक्यपदं. मिस्टर सॅन पेपी या घोड्यावर १९७४ आणि १९७६ ची. तीन वर्षांच्या घोड्यांची फ्युच्युरिटी स्पर्धा १९६२ मध्ये स्वीटवॉटरला पहिल्यांदा भरली, ती यांनीच जिंकली. मग १९६३, १९६६, १९७१, आणि १९७७ मध्ये पाचव्यांदा, मिस्टर सॅन पेपीचाच मुलगा पेपी सॅन बॅजर याच्यावर. लोक त्याला लाडाने लिटल पेपी म्हणत. हे दोघं बाप-लेक पुढे टेक्ससातल्या प्रसिद्ध किंग रँचचे झाले आणि आजच्या कटिंग घोड्यांच्या वंशावळी चाळल्या तर लिटल पेपीचं नाव पुन्हा पुन्हा भेटतं.

पण रँचवर घोडा दिवसभर चालवायचा असतो. सकाळी अंधारात खोगीर चढवलं की दुपारपर्यंत उतरायचं नाही, आणि उद्या पुन्हा तोच घोडा हवा. अशा ठिकाणी माणूस घोड्याला उगाच पळवत नाही. एकच वळण पन्नास वेळा घोकून घेत नाही. वासरू वळतं म्हणून घोडा वळतो. त्याला वळण्याचं कारण समोर दिसत असतं. मास्तर म्हणतात, बस्टरकडे हेच शिकायला लोक जायचे. घोडा चुकला तर चुकू द्यायचा. वासरू हातचं निसटलं की घोड्याला आपसूक कळतं की आपण उशिरा निघालो. स्वाराने प्रत्येक वेळी आधीच लगाम ओढून वाचवलं तर घोडा वासराकडे बघणं सोडतो आणि लगामाची वाट बघत राहतो.

मी हे अंगावर शिकले आहे. पहिलं वर्षभर माझा हात मानेवर टिकतच नव्हता. वासरू हललं की हात वर. मास्तर लांबून एवढंच म्हणायचे, "हात खाली." एका शनिवारी हात खाली राहिला आणि खालचा घोडा माझ्या आधी वळला. ते अडीच सेकंद मी अजून विसरलेले नाही.

मग मी घोडी घेतली, आणि तिच्यामुळेच मला बस्टरच्या कारकिर्दीतल्या एका गोष्टीशी भांडायचं आहे. घोडी पाच वर्षांची, दिसायला देखणी, फ्युच्युरिटीसाठी तयार केलेली. घेतल्यावर चार महिन्यांत मागच्या पायांचे सांधे दुखायला लागले. डॉक्टरांनी क्ष-किरण काढून दाखवले. तिच्या आधीच्या प्रशिक्षकाने तिला दोन वर्षांची असल्यापासून रोज रिंगणात घासलं होतं. तीन वर्षांच्या घोड्यावर बक्षीस ठेवलं की खोगीर दुसऱ्या वर्षी चढणार, हे ओघानेच आलं. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षं उलटेपर्यंत चालू असते. लहान वयात बेताचं पळणं-फिरणं हाडांना बळ देतं हे मला मान्य आहे. माझी तक्रार आहे ती रोजच्या घोकंपट्टीबद्दल, आणि डिसेंबरातली फ्युच्युरिटी गाठायची म्हणून दुखऱ्या पायावर घेतलेल्या त्याच त्या थांब्यांबद्दल. घोड्याचा मालक महिन्याला पैसे भरतो, त्याला निकाल हवा असतो, आणि प्रशिक्षकाचं घर त्यावर चालतं. हे दडपण खरं आहे. तरी भोगायचं घोड्याने, हे मला पटत नाही.

आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं. आजोबा खरसुंडीच्या जत्रेतून खिलार खोंड आणायचे. आणल्यावर त्याला लगेच नांगराला जुंपलेलं मी कधी पाहिलं नाही. आधी नुसतं मानेवर जू ठेवायची सवय. मग जाणत्या बैलाशेजारी रिकामं चालवायचं. दात बघून, चारदाती झाला की हलकं औत, आणि तेही सकाळच्या वेळी. कासरा ते इतका सैल धरायचे की तो जमिनीला लागेल असं वाटायचं. बांधाशी आले की जाणता बैल स्वतः वळायचा आणि खोंड त्याच्याकडे बघून. टेक्ससातल्या वेदरफर्डजवळ मी शिकते त्या पागेत हात खाली ठेवायला शिकताना मला सारखे आजोबा दिसायचे.

बस्टरने पहिलीच फ्युच्युरिटी जिंकली, म्हणजे ही घाई ज्या स्पर्धेने आणली तिच्या घडणीत त्यांचा वाटा आहे, हे नाकारून मी त्यांचं कौतुक करणार नाही. फरक मला दिसतो तो एवढाच की त्यांच्या हातात घोडा यायचा तेव्हा त्यांच्या मागे गुरांमधली वर्षानुवर्षं होती. शेवटपर्यंत ते पश्चिम टेक्ससात गुरं राखून होते. कुठला घोडा आज थकलाय, कुठल्याला अजून वर्षभर द्यायला हवं, हे त्यांना त्या कामाने शिकवलं होतं. आज वीस-बावीस वर्षांची पोरं थेट रिंगणात शिकायला येतात आणि सरळ प्रशिक्षक होतात. यांत्रिक दोरीवर सरकणाऱ्या खोट्या वासरामागे घोडा तयार होतो. सराव म्हणून ते ठीक आहे. पण दुसऱ्याचं शिंगरू हाती घेण्याआधी प्रत्येकाने निदान दोन हंगाम खऱ्या रँचवर, पगारी गडी म्हणून, गुरांमागे काढावेत असं मला मनापासून वाटतं.

माझी घोडी आता नऊ वर्षांची आहे. स्पर्धेला नेत नाही. आठवड्यातून दोनदा शेजारच्या रँचवर गुरं हलवायला नेते, चालत, जास्तीत जास्त दुडक्या चालीने. सांधे बरे आहेत. कळपाजवळ गेलं की तिचे कान पुढे येतात.

दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात फ्युच्युरिटी फोर्ट वर्थच्या विल रॉजर्स कोलिझियममध्ये भरते. डॅलसकडच्या मराठी मंडळींनी एकदा मुलांना घेऊन जरूर यावं. मी तिथे असतेच. घोडा वासरासमोर बसला की सगळे घोड्याकडे बघतात. तुम्ही स्वाराच्या लगामाच्या हाताकडे बघा.