आरोग्यावरच्या एका रुपयाचे तीन रुपये होतात का?

‘कर्मचाऱ्यांच्या आरोग्यावर एक रुपया खर्च करा, उपचारखर्च आणि गैरहजेरी घटून तीन रुपये परत मिळतील’ असा दावा कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना निरोगी ठेवण्यासाठी राबवायच्या ‘वेलनेस’ कार्यक्रमांच्या सादरीकरणांतून वारंवार केला जातो आणि पुराव्यादाखल हजेरीपट दाखवला जातो. मालकाने कामगारांच्या आरोग्याची काळजी घेतलीच पाहिजे, असे मी मानतो. पण ती या आकड्याच्या भरवशावर घेतली, तर आकडा खोटा ठरताच काळजीही थांबेल.

आधी आकडा कुठून आला ते पाहू. कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग या अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन दर डॉलरमागे उपचारखर्चात सुमारे ३.२७ आणि गैरहजेरीच्या खर्चात सुमारे २.७३ डॉलर वाचतात, असा अंदाज मांडला होता. हा हिशेब अमेरिकेचा आहे, जिथे उपचारांचा मोठा भार मालकाने काढलेल्या विम्यावर पडतो. डॉलरच्या जागी रुपया लिहिल्याने तो आपला होत नाही. शिवाय यांपैकीच साँग आणि बेकर यांनी २०१९ मध्ये बीजेज होलसेल क्लब या विक्री साखळीतील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १६० ठिकाणांपैकी २० ठिकाणे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून तिथे कार्यक्रम राबवला होता. अठरा महिन्यांनंतर तिथले अधिक कर्मचारी नियमित व्यायाम करत असल्याचे सांगत होते. मात्र रक्तदाब, कोलेस्टेरॉल, उपचारखर्च, गैरहजेरी आणि कामगिरी यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

‘भाग घेणाऱ्यांचे खाडे कमी झालेले आम्ही स्वतः पाहिले आहेत’ हा पुढचा युक्तिवाद. पाहिलेले खरे असेल, पण त्याचे कारण दुसरे असू शकते. इलिनॉय विद्यापीठात २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात ४,८३४ कर्मचारी होते. त्यांतील ३,३०० जणांना, तसेच चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून, कार्यक्रम देऊ केला गेला आणि उरलेल्यांना नाही. कार्यक्रम मिळालेल्यांपैकी भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली, तेव्हा जुन्या अभ्यासांसारखाच मोठा फायदा दिसला. पण कार्यक्रम देऊ केलेले सगळे आणि न देऊ केलेले सगळे असे दोन गट समोरासमोर ठेवले, तेव्हा उपचारखर्च किंवा उत्पादकता यांतला तो फायदा जवळजवळ नाहीसा झाला. भाग घेणाऱ्यांचा उपचारखर्च कार्यक्रमाच्या आधीपासूनच कमी होता. कार्यक्रमाने माणसे निरोगी केली नव्हती, निरोगी माणसे कार्यक्रमाकडे आली होती. तपासण्या करून घेणारे मात्र वाढले आणि तो लाभ मी कमी लेखत नाही.

हजेरीपटाच्या साक्षीबद्दल माझा आक्षेप याहून मूलभूत आहे. खाडा पडला की मजुरी बुडते, अशा कंत्राटी कामगाराची हजेरी तापातही पूर्ण भरते. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणात वेतनाच्या ७० टक्के दराने, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत लाभ मिळतो; त्यामुळे विमाधारक कामगार वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन घरी राहू शकतो आणि त्याचा खाडा नोंदला जातो. त्या दोघांचे हजेरीपट शेजारी ठेवले, तर आजारी शरीराने यंत्रावर उभा असलेला पहिला कामगार अधिक निरोगी ठरेल.

मग आजारी असताना झालेले काम मोजायचे कसे? त्यासाठी प्रश्नावल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत कर्मचारी आपल्या गेल्या चार आठवड्यांच्या कामगिरीला ० ते १० गुण देतो. पण ती उत्तरे वरिष्ठांच्या हाती पडतील अशी शंका असेल, तर कोणता कामगार स्वतःला चार गुण देईल?