अमोनियावर अजून थोडं लिहायला हवं होतं
रेणूंचा आकार आणि ध्रुवीयता यांवरचा तुमचा लेख आवडला, पाण्याच्या रेणूतला १०४.५ अंशांचा कोन तर फारच छान समजावलाय. पण ‘आकार पिरॅमिडसारखा, म्हणून रेणू ध्रुवीय’ (म्हणजे एका बाजूला थोडा ऋण, दुसऱ्या बाजूला थोडा धन प्रभार) एवढ्यावर अमोनियाला निरोप दिलात, हे खटकलं. मी पुण्यात बारावीला रसायनशास्त्र शिकवते, मुलं नेमकी इथेच अडतात. नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा आकारही तोच, नायट्रोजनवरची एकाकी जोडीही (बंधात न गुंतलेले दोन इलेक्ट्रॉन) तशीच. तरी द्विध्रुव आघूर्ण (रेणू किती ध्रुवीय याचं माप, एकक डिबाय) अमोनियाचं सुमारे १.४७ डिबाय आणि याचं जेमतेम ०.२३! अमोनियात बंधांतले इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडे, म्हणजे एकाकी जोडीच्याच दिशेला ओढले जातात. फ्लोरिन त्यांना उलट बाजूला खेचतो आणि बरंचसं आघूर्ण खोडलं जातं. फळ्यावर बाण काढायला लावले की मुलांना पटकन कळतं. पुढच्या भागात हे दोन रेणू एकदा शेजारी-शेजारी दाखवाच.