उलटलेले ध्रुव आणि सिंहगडचा दगड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'लाव्हा वाहिला तेव्हा पुणं विषुववृत्ताच्या खाली होतं' या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात, मग दगडातली चुंबकीय दिशा उलटी निघाली म्हणून जमीन सरकली असं कसं? आणि सिंहगडावर विजा पडतात, त्यांनीच दगडाचं चुंबकत्व बिघडवलं असणार. शिवाय 'अकरावीचं पुस्तक उघडा' हा सल्ला. उघडलं.

विजेचं आधी, कारण तिथे चूक माझी आहे. कल्याण दरवाजाजवळच्या कातळावर होकायंत्र ठेवलं आणि सुई चांगलीच फिरली, ती मी लाव्हाची आठवण म्हणून खपवली. ती बहुधा विजेचीच करामत. ते वाक्य खोडतो. पण अभ्यासक असल्या उघड्या माथ्यावर विसंबत नाहीत. नमुन्याची दिशा ते सूर्यावरून घेतात (सुई फसते ना!), आणि प्रयोगशाळेत दगड टप्प्याटप्प्याने तापवून मागाहून चढलेलं चुंबकत्व उतरवतात. लाव्हा 580 अंश सेल्सिअसच्या खाली निवताना मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या कणांनी तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची जी दिशा धरली, ती सहसा शेवटपर्यंत टिकते.

आता ध्रुव. हातात पेन्सिल घ्या, ती चुंबकीय रेषा समजा. उत्तर गोलार्धात चुंबकीय रेषा उत्तरेकडे जमिनीत उतरते, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे. ध्रुव उलटले की पेन्सिलीचं टोक आणि खोडरबर जागा बदलतात, उतार तोच राहतो. सह्याद्रीतल्या खालच्या बहुतेक थरांचं चुंबकत्व उलटं आहे, महाबळेश्वरच्या माथ्याकडच्या थरांचं सरळ. तरी दोन्हींत पेन्सिल दक्षिणेकडेच, जरा पूर्वेला कलून उतरते. म्हणजे ज्या ध्रुवपालटावर तुमचा आक्षेप उभा आहे, तोच माझ्या बाजूचा साक्षीदार निघाला.

उताराचा कोन साधारण 48 अंश. या कोनाचा (याला नती म्हणतात) टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट, या हिशेबाने अक्षांश येतो 29 दक्षिण. पुणं आज 18.5 उत्तरेला आहे. सव्वापाच हजार किलोमीटर, लाव्हा वाहिल्यापासूनच्या 6.6 कोटी वर्षांत. वर्षाला सरासरी 8 सेंटिमीटर.

या मोजण्या 1950च्या दशकात सुरू झाल्या, समुद्रतळाच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ (समुद्रतळ पसरतो आहे) 1963 साली लागला त्याच्याही आधी. दख्खनचे दगड मागवून तपासणाऱ्या टेड अर्व्हिंग या भूशास्त्रज्ञाचा प्रबंध केंब्रिजने 1954 मध्ये नाकारला होता, त्यामानाने तुमचा शेरा मवाळच म्हणायचा.

खरा अवघड प्रश्न मात्र तुम्ही विचारलाच नाहीत : जमीन जागेवरच राहिली आणि ध्रुवच भटकला असेल तर? दख्खनचे दगड तेव्हाचा उत्तर ध्रुव अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या आसपास दाखवतात. युरोपातले त्याच सुमाराचे खडक तो आजच्या उत्तर ध्रुवाच्या बराच जवळ दाखवतात. एका वेळी उत्तर ध्रुव दोन ठिकाणी कसा असेल? युरोप आणि भारत तेव्हा आजच्यासारखे एकमेकांच्या शेजारी नव्हते, एवढं मानलं की दोन्ही बाण एकाच ठिकाणी येऊन मिळतात.