उतरण्याचं काय?

जिना चढणं सोपं व्हावं म्हणून खाली अर्ध्या उंचीची छोटी पायरी जोडलेल्या काठीबद्दलचा लेख वाचला, कल्पना आवडली. १८ सेंटिमीटरची पायरी ९-९ च्या दोन टप्प्यांत चढायची, गुडघा कमी वाकतो, हे पटलं. पण सगळी चर्चा चढण्याचीच! जिन्यावरून माणसं जास्त पडतात ती उतरताना. तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलत असतो. तो कमजोर असला की पाय धपकन आदळतो. त्यात ही काठी खालच्या पायरीवर टेकवायला पुढे झुकावं लागणार, म्हणजे तोल आणखी पुढे.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टने शिकवलं होतं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. एक हात कठड्यावरच. म्हणजे साधन एका हाताने उचलता यायला हवं, आणि जिना वळून कठडा दुसऱ्या बाजूला गेला की हात बदलताही. (कठडा दोन्ही बाजूंना असला आणि शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर गेलेला असला तर निम्मी साधनं लागणारच नाहीत, पण ते असो.)

त्या काठीचं वजन किती भरलं, आणि ओल्या फरशीवर चाचणी घेतली का?