‘सगळं फुकट आहे, तेच येत नाहीत’ म्हणणाऱ्यांना

पावसाळा लागला, अमरावती जिल्ह्यातल्या आदिवासी मेळघाटातल्या बालमृत्यूची बातमी आली की पाठोपाठ तो मेसेज फिरायला लागतो. आमच्या शाळेच्या ग्रुपवर यंदा तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा : दवाखाना फुकट, औषध फुकट, गाडी फुकट, वर बाळंतपणाला पैसे, तरी हे लोक भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे जातात, तान्ह्या पोराच्या पोटावर चटके देतात आणि मग सरकारच्या नावानं ओरडतात. आरोग्यात पुढारलेल्या महाराष्ट्राचं नाव यांच्यामुळे खराब होतं.

मी परतवाड्याचा. मेळघाटचा घाट आमच्या गावाहून चढतो, म्हणून उत्तर देतोय.

चटक्यांपासूनच सुरुवात करू, कारण ते खोटं नाही. पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके अजूनही दिले जातात, आणि त्याची बाजू मी घेणार नाही. पण भूमका राहतो कुठं ते बघा. चार घरं सोडून. रात्री दोनला हाक मारली तरी उठतो, आणि तुमच्याशी कोरकूत, म्हणजे इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत बोलतो. याउलट मेळघाटातल्या धारणीहून परतवाडा शंभरेक किलोमीटर, तोही जंगलातून. तिथून अमरावती आणखी पन्नास. 108 ची गाडी 2014 पासून आहे, मान्य. पण ज्या गावात फोनला रेंज नाही तिथून 108 लावायचा कसा?

डॉक्टर जवळ आला तर हेच कोरकू त्याच्याकडे जातात, हे मेळघाटनं दाखवून दिलंय. डॉ. रवींद्र कोल्हे मेळघाटातल्या बैरागडला जाऊन राहिले, दोन रुपये फी घेऊन रोगी तपासू लागले. पुढे त्यांच्या पत्नी डॉ. स्मिताताईही आल्या. त्यांच्या दारात माणसं आली ती याच ‘अंधश्रद्धाळू’ गावांतून. 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला होता. तेच हात आता हा मेसेज ढकलतात, असो.

दुसरा पुरावा गडचिरोलीचा. तिथल्या ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 खेड्यांत गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला ऊब देणारी पिशवी आणि वेळ पडली तर जंतुसंसर्गावरचं इंजेक्शन, सगळं तिच्या हातात. ही गावं सगळी आदिवासी नव्हती, पण बाळंतपणं बहुतेक घरीच होत होती. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानानं 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि 2011 पासून देशभरातल्या आशाताई याच धर्तीवर घरोघरी जातात. आधी लोकांची डोकी सुधारा, मग सेवा द्या, असा क्रम तिथं कोणी लावला नव्हता.

‘दवाखाने तर आहेत, उलट आदिवासी भागाला निकषही सैल आहे’ असंही त्या मेसेजमध्ये लिहिलंय. बरोबर. सपाटीला 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ-आदिवासी भागात 20,000 मागे. आता जरा गणित करा. 2011 च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला 74 माणसं. म्हणजे 20,000 डोकी भरायला 270 चौरस किलोमीटर लागतात. मुंबई उपनगरात एवढी माणसं एका चौरस किलोमीटरमध्ये मावतात. निकष माणसं मोजतो, मधले नाले मोजत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ताच बंद, मग केंद्र कितीही जवळ दाखवा.

‘महाराष्ट्र पुढारलेला’ हे एका आकड्यावर चाललंय : 2020 चा बालमृत्युदर (हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं) देशाचा 28, आपला 16. ही राज्याची सरासरी आहे, त्यात पुणेही आलं आणि मेळघाटातला चिखलदराही. शिवाय केरळचा त्या वर्षीचा आकडा 6 होता, तो मेसेजमध्ये सोयीनं गाळलाय.

राहिलं ‘फुकट’. गेल्या पावसाळ्यात आमच्या चौकात एक जीप थांबली. वर मेळघाटातून अमरावतीला पाठवलेली बाळंतीण मागच्या सीटवर आडवी, सासूनं सलाइनची बाटली खिडकीच्या दांडीला ओढणीनं बांधलेली. नवरा टपरीवर बिस्किटाचा पुडा घेत होता. मी म्हटलं, काळजी करू नको, तिथं पैसे लागत नाहीत.

‘ते ठाऊक आहे दादा,’ तो म्हणाला. ‘पण पंधरा दिवस ठेवून घेतलं तर आम्ही दोघं खाऊ काय, अन् घरच्या दोन पोरांना कोण पाहील?’

बिस्किटाचा पुडा त्यानं सासूच्या हातात दिला आणि जीप निघाली.