'फायदा असता तर लावली असती झाडं' : एका प्रतिक्रियेला उत्तर

'माळावर वनकुरण करणाऱ्याला पहिली तीन वर्षं पैसे द्या' या माझ्या लेखावर 'रोखठोक' अशा टोपणनावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: वनकुरणात, म्हणजे झाडं, गवत आणि जनावरं एकाच रानात सांभाळण्यात, खरंच फायदा असता तर शेतकऱ्यांनी झाडं आपणहून लावली असती, त्यासाठी करदात्यांचा पैसा कशाला, अनुदान संपलं की झाडंही संपतात, दोन एकरवाल्याला सावली परवडत नाही, भूमिहीन शेळीवाल्यानं जायचं कुठं, सुबाभूळ तणासारखी पसरते. आणि शेवटी, 'लेखकाने कधी गोठ्यातलं शेण काढलं आहे का, शंका येते. एसीत बसून माळ हिरवे करणारे फार झाले.'

शेवटापासूनच सुरुवात करतो, कारण तुम्ही मुद्दे संपल्यावर तिथं पोचलात. मतभेदाला माझी हरकत नाही. पण ज्या माणसाला आपण कधी पाहिलं नाही त्याला परस्पर एसीत नेऊन बसवायचं, ही कुठली रीत? आमचं गाव केज तालुक्यात. चार एकर काळी आणि वर बालाघाटाच्या अंगाला मुरमाड माळ. घरी देवणी बैलांची जोडी होती. शाळेला जायच्या आधी शेण काढायचं, उकिरड्यावर टाकायचं, वैरण टाकायची आणि मग दप्तर उचलायचं. 2013 च्या उन्हाळ्यात वैरण संपली तेव्हा वडिलांनी ती जोडी बाजारात नेली. व्यापाऱ्यानं उपरण्याखाली हात धरून बोटं दाबली. वडिलांनी दोनदा हात काढून घेतला, तिसऱ्यांदा तसाच राहू दिला. येताना हातात नुसते कासरे. काय भाव आला ते आमच्या घरात आजही कुणी काढत नाही. तेव्हा शेणाचं मला विचारू नका, राव.

आता तुमचं लाडकं वाक्य. फायदा असता तर लावली असती. हे वाक्य ऐकायला इतकं बिनतोड वाटतं की माणूस पुढचा विचारच सोडून देतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माळावर अंजन, बाभूळ, बोर लावली, मध्ये शेवरीच्या ओळी घेतल्या आणि खाली मारवेल, स्टायलो असला चारा केला, तर पहिली दोन-तीन वर्षं त्या तुकड्यात जनावर सोडता येत नाही. शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहते, पुढचे पाय रोपावर टाकते, शेंडा वाकवते आणि कोवळा फुटवा ओरबाडून घेते. रोप मोडत नाही, उभंच राहतं. फक्त वाढायचं थांबतं. उन्हाळ्यात पाहिलं तर हातभर वाळकी काडी. म्हणजे कुंपण आलं, राखण आली, एप्रिल-मेमध्ये कळशीनं पाणी घालणं आलं. आणि ज्या माळावर काल जनावरं चरत होती तो बंद झाल्यामुळं तेवढी वैरण विकत घेणं आलं. ज्वारी कमी होऊन सगळीकडं सोयाबीन झालंय. सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही, त्यामुळं कडब्याची पेंढी मागायला गेलं की विकणारा आधी तुमच्या तोंडाकडं बघतो.

फायदा आहे, साहेब. पण तो तीन-चार वर्षांनी आहे, आणि कृषी सेवा केंद्राची उधारी याच दिवाळीला द्यायची आहे. मधली वर्षं कुणी काढायची, एवढाच माझा प्रश्न होता. लेखाचं नावच ते आहे. निदान नाव तरी पूर्ण वाचायचं.

करदात्याच्या पैशाचं म्हणाल तर तो असाही जातोच. 2019 च्या दुष्काळात आमच्या बीड जिल्ह्यात चारा छावण्या होत्या. मोठ्या जनावरामागं दिवसाला 90 रुपये मिळत, ते मे महिन्यात 100 केले. म्हणजे एका गाईला तीन महिने जगवायचे नऊ हजार. पाऊस पडला, छावणी उठली, मागं एक झाड उरलं नाही की गवताचा एक ठोंब. मी छावणीच्या विरोधात नाही, तिच्यामुळं जनावरं वाचली. पण त्या पैशाला तुम्ही कधी 'रोखठोक' झालेले दिसला नाहीत. घराच्या छतावर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं तर केंद्र सरकार 78,000 रुपये देतं. तिथंही विचारा ना, फायदा असता तर लोकांनी आपणहून बसवलं नसतं का?

शिवाय हे पैसे फुकट असतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं? भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं मिळतं, आणि पुढचा हप्ता हवा असेल तर कोरडवाहू बागेत 80 टक्के, बागायतीत 90 टक्के झाडं जिवंत दाखवावी लागतात. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा, नंबर लागू द्या, पूर्वसंमती घ्या, मग आधी पदरचे घाला, बिलं चढवा आणि वाट बघत बसा. अमेरिकेत वनकुरणाला जे सरकारी साहाय्य मिळतं, त्यात नवख्या आणि हातावर पोट असलेल्या शेतकऱ्याला निम्मी रक्कम आगाऊ घेता येते. आमच्याकडं ज्याच्या खिशात आधीच पैसे आहेत त्यालाच अनुदान परवडतं. यावर तुम्ही लिहिलं असतंत तर मी तुमच्या बाजूनं उभा राहिलो असतो.

सुबाभळीबद्दल म्हणालात ते मान्य. शेंगा धरायच्या आधी छाटली नाही तर बी सगळ्या रानात पसरतं. नुसती सुबाभूळच चारत राहिलं तर जनावराचे केसही गळतात, हे तुम्हाला माहीत नव्हतं, तेही माझ्याकडून घ्या. झालं समाधान?

अनुदान संपलं की झाडं संपतात, या वाक्यावर फार वेळ घालवत नाही. जागतिक बँकेनं 2002 पासून कोलंबिया, कोस्टारिका आणि निकाराग्वात हेच करून पाहिलं. उजाड कुरणाला शून्य गुण, झाडं वाढतील तसे गुण वाढत जाणार, आणि वाढलेल्या गुणांवर दरवर्षी पैसे, तेही दोन किंवा चारच वर्षं. कोलंबियात पैसे थांबल्यावर चार वर्षांनी पुन्हा पाहणी झाली तेव्हा बहुतेक बदल जागेवर टिकून होते. तिकडच्या वनकुरणांत तीच तुमची बदनाम सुबाभूळ असते. आता 'कोलंबिया कुठं आणि केज कुठं' असं म्हणाल. म्हणा. पण मग आकडे तुम्ही आणा.

दोन एकरवाल्याला सावली परवडत नाही, हे मी कुठं नाकारलं? काळ्या रानात सोयाबीनच्या डोक्यावर झाड लावा, असं माझ्या लेखात एक ओळ दाखवा. मी माळाबद्दल, पडीक तुकड्याबद्दल आणि बांधाबद्दल बोलत होतो. 2025 च्या सप्टेंबरात सीना आणि मांजरेच्या काठची रानं खरडून गेली, खाली नुसता मुरूम उरला, हे तुम्ही टीव्हीवर तरी पाहिलं असेल. त्या पाण्यातलं बरंचसं वरच्या उघड्या माळांवरूनच उतरत येतं. वर गवताची मुळी असेल तर पाणी जरा दमानं खाली येतं, हे समजायला कृषीची पदवी लागत नाही.

भूमिहीन शेळीवाला आणि गायरान हा वेगळा विषय आहे. त्यात अतिक्रमण आहे, ग्रामपंचायत आहे, भावकी आहे. एका प्रतिक्रियेत तो कोंबून तुम्ही मला गप्प करू पाहत असाल तर तसं होणार नाही. त्यावर लिहायचं तेव्हा लिहीन, तुमच्या सांगण्यावरून नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. खाली दोघा-तिघांनी तुम्हाला जी विशेषणं लावली होती ती मात्र काढली, कारण इथं तशी भाषा मी कुणालाच वापरू देत नाही. पुढच्या वेळी खरं नाव आणि गाव टाकून लिहा. शेतीवाले असाल तर तुमच्याकडं माळ किती आणि त्यावर आज काय उभं आहे, तेवढंही कळवा.