जिओ इन्स्टिट्यूटला १००० कोटी? केंद्राच्या योजनेतून एक रुपयाही नाही

‘केंद्राने जिओ इन्स्टिट्यूटला १००० कोटी दिले, राज्यांच्या विद्यापीठांना अर्जसुद्धा करू दिला नाही आणि एवढा पैसा ओतून एकही संस्था जागतिक क्रमवारीत वर सरकली नाही.’ २०१८ पासून फिरणारा हा मेसेज परवा आमच्या दादाने घरच्या ग्रुपवर टाकला. खाली वहिनीचं उत्तर: ‘म्हणजे तिथे फी सरकारीच असणार, सोनूसाठी बघायला हवं.’ आता गप्प बसणं शक्य नाही.

१००० कोटींची गोष्ट धडधडीत खोटी आहे. जागतिक दर्जाच्या संस्था घडवण्यासाठी केंद्राची ‘इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स’ दर्जा देण्याची योजना आहे. तिच्यात ९ जुलै २०१८ रोजी पहिली सहा नावं जाहीर झाली. सरकारी तीन: बंगळुरूची आयआयएस्सी (भारतीय विज्ञान संस्था), आयआयटी मुंबई, आयआयटी दिल्ली. खासगी तीन: बिट्स पिलानी, मणिपाल आणि जिओ. त्या दिवशीच्या सरकारी पत्रकात स्पष्ट लिहिलंय, की निवड झालेल्या प्रत्येक सार्वजनिक संस्थेला पाच वर्षांत मिळून १००० कोटींपर्यंत मदत मिळेल. ही मदत सार्वजनिक संस्थांपुरतीच. खासगी संस्थांना सरकारी पैसा नाही. पत्रक कुणीही उघडून वाचू शकतो, पण मेसेज पुढे ढकलायला त्याहून कमी वेळ लागतो ना!

खासगी संस्थांना मिळते ती मोकळीक. अभ्यासक्रम स्वतः आखायचा, परदेशी विद्यार्थी आणि अध्यापक जास्त प्रमाणात घ्यायचे, जगातल्या पहिल्या पाचशे विद्यापीठांशी यूजीसीला (विद्यापीठ अनुदान आयोगाला) न विचारता करार करायचे. ही मोकळीक मोलाची आहे, पण तिने फी कमी होत नाही. वहिनी, हा दर्जा म्हणजे अनुदान नव्हे. फॉर्म भरण्याआधी फीचा तक्ता आणि शिष्यवृत्तीच्या अटी बघ. असल्या मेसेजवर विसंबून घरं कर्जात जातात.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. २०१८ मध्ये जिओ इन्स्टिट्यूट अस्तित्वातच नव्हती. नव्याने उभ्या राहणाऱ्या संस्थांसाठी वेगळा गट होता, त्यातून तिला इरादापत्र मिळालं, म्हणजे संस्था ठरल्याप्रमाणे उभी केली तर दर्जा देऊ असं पत्र. नवी मुंबईत उलव्याला वर्ग भरायला २०२२ उजाडलं. जिथे एकही तास झालेला नाही तिचं नाव १९०९ च्या आयआयएस्सीच्या पंगतीत बसवणं मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. त्यावर जरूर टीका करा. पण त्यासाठी १००० कोटी मनाने जोडायची काय गरज?

क्रमवारीचं आधी उरकतो. क्यूएस ही विद्यापीठांची जागतिक क्रमवारी. तिच्या २०१९ च्या यादीत आयआयटी मुंबई १६२ वी होती, २०२५ च्या यादीत ११८ वी. म्हणजे ‘एकही नाही’ हे खोटं. आयआयएस्सी मात्र त्याच काळात १७० वरून २११ वर घसरली. मधल्या काळात क्यूएसने निकषही बदलले. पैसा दिला की क्रमांक वर, असा सरळ हिशेब इथे लागत नाही.

आता राज्यांची विद्यापीठं. अर्जाला बंदी नव्हती. कोलकात्याचं जादवपूर आणि चेन्नईचं अण्णा विद्यापीठ यांची नावं पुढच्या टप्प्यात पुढे आलीही होती. पण केंद्राचे १००० कोटी ही कमाल मर्यादा, उरलेल्या खर्चाची हमी राज्य सरकारने द्यायची. जादवपूरचं घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं. तमिळनाडूला तर आपल्या ६९ टक्के आरक्षणाला धक्का लागेल ही भीती होती. त्यांनी नकारच दिला. शेवटी हा दर्जा मिळालेल्या सार्वजनिक संस्थांत राज्याचं एकही विद्यापीठ नाही. बंदीची गोष्ट खोटी, वंचित राहिल्याची खरी.

आणि राग यावा तो इथे. आपल्याकडे महाराष्ट्रात सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली, पीएचडी केलेली माणसं तासिका तत्त्वावर शिकवतात. झालेल्या तासांचे पैसे, उन्हाळ्यात मानधन बंद, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. विभागात कायमचं कुणी नसेल तर संशोधन कोण उभं करणार, आणि जागतिक दर्जाचा प्रस्ताव कोण लिहिणार? ही पदं भरणं राज्याच्या हातात आहे, अंबानींच्या नव्हे. ग्रुपवर फिरवायचाच असेल तर मंत्रालयाला विचारायचा हा प्रश्न फिरवा: रिक्त पदं कधी भरणार, आणि उद्या केंद्राने अशाच योजनेत राज्याचा वाटा मागितला तर महाराष्ट्र तो देणार का?